आज तारीख कोणती

कोविल्यां गावात, डोंगराच्या पायथ्याशी,
लोकरीच्या गिरणीतल्या तिसऱ्या मागाजवळ
एक कॉम्प्युटर होता, ज्याला दिवस ठाऊक नसायचा.
आतली गुंडीएवढी बॅटरी कधीचीच मेली होती.
रोज सकाळी जागा झाला की म्हणायचा:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आणि देओलिंदा, हातमोजे काढता काढता, त्याला सांगायची,
नाही रे बाबा. सतरा नोव्हेंबर. मंगळवार. बाहेर धुकं आहे.
धुक्यासाठी रकाना नव्हता,
ते ती नुसतंच बोलायची.

पडद्यावर तीच हिरवी टेकडी, वर तेच ढग,
आणि एवढ्या गवतावर एकही मेंढी नाही.
नक्षी काढणारा जेर्मानो म्हणायचा,
फोटो घेणारा लोकरीच्या धंद्यातला नसणार.

मग कंपनीचं पत्र आलं:
ही प्रणाली आता जुनी झाली,
यापुढे तिचं बरंवाईट आमच्याकडे नाही.
सेन्योर अदाल्बेर्तो म्हणाले, बघू.
विमावाला म्हणाला, हा जाळ्यात राहिला तर आम्ही नाही.
तेव्हा त्याची निळी वायर उपटली.
बघू, बघू करता अकरा वर्षं गेली.
घोंगड्या विणणाऱ्या गिरणीत
हे एकच घोंगडं भिजत पडलेलं.

वायर गेल्यावर तो निवांत झाला.
ना व्हायरस, ना निवडणुका, ना तो साथीचा वसंत
जेव्हा माग दोन महिने मुके होते.
जगाचं जे काय त्याच्या कानावर जायचं
ते तिच्याच तोंडून, तेही तारखेपुरतं.

या मार्चात डिस्क वाजू लागली,
रिकाम्या डब्यात एक वाटाणा असावा तशी.
गुआर्दाहून तेल्मो आला. तेवीस वर्षांचा.
टेकडी बघून म्हणाला, अरे, ही तर आमच्या बालवाडीत होती.
हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

दोनशे बारा नक्ष्या. तेल्मोने एकेक नव्या यंत्रात नेली,
म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवतात तशी, हात धरून.
एकशे चाळिसावी अडली.
रांग चारशे बारा. उभा धागा चुकला आहे.
दुरुस्त करू?
तेल्मोचं बोट 'हो'वर गेलंच होतं.
देओलिंदाने मनगट धरलं त्याचं.
मोतीबिंदू पिकला होता तेव्हाची आहे ही, ती म्हणाली,
जेर्मानोला नंतर दिसली चूक, पण तोवर
झ्युरिकच्या गिऱ्हाइकाला तीच आवडून बसली होती.
डोळे बरे झाले त्याचे. चार वर्षं सगळं लख्ख बघितलं.
मग गेला.
तेल्मोने 'नाही' दाबलं.
यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की?
नक्की.

संध्याकाळी जुना डबा हातगाडीवरून गोदामात गेला.
टेबलावर त्याच्या पायांचे चार चौकोन, धुळीने आखलेले.
तिने ओलं फडकं घेतलं,
तीन पुसले,
चौथ्यावर नवा उंदीर ठेवला.

सकाळी ती आली. हातमोजा अर्धा निघालेला.
नवा पडदा आपणहून उजळला:
तारीख, वार, मिनिटापर्यंत वेळ,
आणि कोपऱ्यात ढगाचं इवलं चित्र.
कोविल्यां. सहा अंश. धुकं.

म्हणजे धुकंसुद्धा.

तिच्या तोंडाशी आलेला मंगळवार तिथेच राहिला.
मागावर सूत ताणलेलं होतं, कांड्या भरलेल्या,
कुणी काही विचारत नव्हतं.

तिने खिडकीकडे पाहिलं.
डोंगर पार वरपर्यंत दिसत होता,
शेवटच्या दगडावर ऊन.

नाही रे बाबा, ती म्हणाली,
उठलं केव्हाच.